शेंडेनक्षत्राचे छायाचित्र

श्रोतेहो, २०२४ सालची कोजागिरी आठवून पाहा. त्या दिवशी तारीख होती १६ ऑक्टोबर. दिवेलागण झाली, पूर्वेकडून चंद्र वर आला आणि गच्चीगच्चीवर, अंगणाअंगणात दुधाची तयारी सुरू झाली. साऱ्यांची तोंडे पूर्वेला होती. नेमक्या त्याच वेळी सर्वांच्या पाठीमागे, पश्चिमेच्या आकाशात, एक पाहुणा उभा होता. त्याच्याकडे पाहिले फार थोड्यांनी. हा पाहुणा म्हणजे धूमकेतू. आपल्याकडची जुनी माणसे त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. शेंडीसारखा पिसारा असलेले नक्षत्र, म्हणून शेंडेनक्षत्र. नाव कसे चपखल आहे!

या पाहुण्याचे शास्त्रीय नाव त्सुचिनशान-ॲटलास. जानेवारी २०२३ मध्ये चीनमधल्या एका वेधशाळेला आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास दुर्बिणीला तो दिसला, म्हणून दोघांचे मिळून हे जोडनाव. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटर अंतरावरून गेला. त्यानंतर दहाबारा दिवस तो संध्याकाळच्या आकाशात होता. तुमच्याआमच्या हयातीत तो पुन्हा येणार नाही.

असा पाहुणा दारात आला असता त्याचे छायाचित्र आपल्याला घेता येईल का? येईल. आणि शहरातल्या माणसापेक्षा खेड्यातल्या माणसाला ते अधिक चांगले घेता येईल. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. पण आधी माझीच एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल.

१९९७ साली हेल-बॉप नावाचा मोठा धूमकेतू आला होता. मार्च-एप्रिलमध्ये तो संध्याकाळी वायव्येला साध्या डोळ्यांनी स्पष्ट दिसे. मी तेव्हा कॉलेजात नुकताच गेलेला पोर. मामाकडून रोलचा कॅमेरा मागून आणला आणि आमच्या आबांना, म्हणजे आजोबांना, घेऊन माळावर गेलो. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बानं असंच एक पाहिलं होतं म्हणायचे. त्याचं चित्र कुणी काढलं नाही. तू काढ." मी हातात कॅमेरा धरून आठ-नऊ वेळा खटका दाबला. दर वेळी फ्लॅशचा लखलखाट! तालुक्याच्या गावी रोल धुवायला दिला. चार दिवसांनी दुकानदार म्हणाला, "रोल कोरा आलाय, बाळ. एकही फोटो नाही." त्याच वर्षी थंडीत आबा गेले. त्या संध्याकाळचे माझ्यापाशी काहीही नाही. चित्र नाही, आणि तारीखसुद्धा कुठे लिहून ठेवलेली नाही.

चूक कुठे झाली? फ्लॅशचा उजेड जातो चार-पाच मीटर. धूमकेतू होता सुमारे वीस कोटी किलोमीटरवर! दुसरे असे की, त्या कॅमेऱ्याचे झाकण, म्हणजे ज्याला आपण शटर म्हणतो ते, सेकंदाचा साठावा-शंभरावा भाग एवढाच वेळ उघडत असे. दिवसाच्या उन्हात तेवढा वेळ पुरतो. रात्रीच्या मंद प्रकाशाला तो कुठला पुरायला?

इथेच या विद्येचे मर्म आहे. गळक्या छपराखाली आपण घमेले ठेवतो. थेंब थेंब पडतो. सेकंदभराने पाहिले तर तळही ओला दिसत नाही, पण रात्रभर ठेवले तर घमेले भरते. कॅमेऱ्याचे तसेच आहे. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. क्षणाक्षणाला तो पाटी पुसून नवे चित्र पाहतो. कॅमेरा मात्र शटर उघडे असेपर्यंत आलेला प्रकाश साठवत राहतो. म्हणून डोळ्यांना न दिसलेला शेपटीचा भाग चित्रात उतरतो. डोळ्यांना जे करडे दिसते त्याचा रंगही चित्रात येतो.

हा रंग कसला, ते थोडक्यात पाहू. धूमकेतूचे मूळ शरीर असते बर्फ, धूळ आणि दगड यांचा काही किलोमीटरांचा गोळा. तो सूर्याजवळ आला की तापतो, बर्फाची वाफ होते आणि तिच्याबरोबर धूळ उधळते. या धुळीवर सूर्यप्रकाश पडून पिवळसर पांढरी, किंचित वाकलेली शेपटी दिसते. वायूंच्या विद्युतभारित कणांची दुसरी शेपटी निळसर आणि सरळ असते. वाऱ्यावर निशाण फडकावे तशी ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला रोखलेली असते. तेव्हा शेपटी म्हणजे धूमकेतूच्या मागे उडणारा फुफाटा, ही समजूत बरोबर नाही. सूर्यापासून दूर जाताना धूमकेतू शेपटी पुढे करून चालतो. आणखी एक गंमत ऐका. १४ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास पृथ्वी या धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून गेली. त्या दोन-तीन दिवसांत कक्षेत पसरलेली धूळ आपल्याला कडेकडून दिसली आणि चित्रांत सूर्याच्या बाजूलाही एक बारीक, उलटी शेपटी उमटली.

आता खेड्याची गोष्ट. तारा हा एक ठिपका असतो, त्याचा सगळा उजेड एका जागी असतो. धूमकेतूचा उजेड पसरलेला असतो. चमचाभर तूप एका घासावर घातले तर लागते, तेच पातेलेभर भातात कालवले तर लागत नाही. म्हणून ताऱ्याइतकाच तेजस्वी म्हणून सांगितलेला धूमकेतू प्रत्यक्षात फिका दिसतो. शहरात रस्त्यांचे आणि इमारतींचे दिवे वरच्या धुळीवर आणि बाष्पावर पडतात, सारे आभाळ पांढुरके होते आणि हा पसरट उजेड त्यात बुडून जातो. मग लाख रुपयांचा कॅमेरा असला तरी तो काय करणार? उलट, गावाबाहेरच्या माळावर पश्चिम मोकळी आहे, जवळ दिवा नाही, अशा जागी साध्या मोबाइलनेही चित्र निघते. काळोख ही तुमची भांडवली गोष्ट आहे, आणि ती विकत मिळत नाही.

हे काही मी गावाला बरे वाटावे म्हणून सांगत नाही. तमिळनाडूत जवादी डोंगरात कावलूर म्हणून एक खेडे आहे. आपल्या देशातली एक मोठी वेधशाळा तिथे उभी राहिली, कारण तिथले आकाश काळोखे होते. ती उभारण्यात पुढाकार होता डॉ. वेणू बाप्पू यांचा. हेच बाप्पू तरुणपणी, १९४९ साली, हैदराबाद संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला शिकायला गेले होते. तिथे आकाशाच्या एका छायाचित्रात त्यांना एक अनोळखी धूमकेतू सापडला. त्यांचे अध्यापक बोक आणि सहाध्यायी न्यूकर्क यांच्यासह बाप्पूंचे नाव त्या धूमकेतूला मिळाले.

साध्या कॅमेऱ्याला कमी लेखू नये, याचेही दाखले आहेत. १८५८ साली डोनाटीचा धूमकेतू आला, तेव्हा इंग्लंडमधल्या अशरवुड नावाच्या छायाचित्रकाराने सात सेकंद प्रकाश घेऊन त्याचे चित्र काढले. धूमकेतूचे ते पहिले छायाचित्र. १८८२ साली दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड गिल या ज्योतिर्विदाने तर माणसांची चित्रे काढणाऱ्या एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेराच दुर्बिणीला बांधला. चित्रात धूमकेतू आलाच, पण मागे इतके तारे उमटले की आकाशाचा नकाशा छायाचित्रांवरून करता येईल, हे गिलच्या ध्यानात आले आणि पुढे तसे मोठे काम उभे राहिले.

मंडळी, आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सूर्य मावळल्याबरोबर काळोख होत नाही. आपल्याकडे पुरता काळोख व्हायला साधारण सव्वा तास लागतो. धूमकेतू खाली असेल तर तेवढी वाट पाहता येत नाही, कारण तोवर तोच मावळतो. १४ ऑक्टोबरला सूर्यास्तानंतर पाऊण तासाने तो क्षितिजापासून जेमतेम सव्वा मूठ वर होता. मूठ म्हणजे काय? हात समोर ताठ धरून वळलेली मूठ साधारण दहा अंश भरते. आकाश मोजायची ही फुकटची पट्टी आहे. मुलांना जरूर शिकवा.

दुसरी गोष्ट म्हणजे चंद्र. चांदण्यात धूमकेतू फिका पडतो. पौर्णिमेनंतर मात्र चंद्र रोज उशिरा उगवू लागतो आणि सूर्यास्त ते चंद्रोदय या दरम्यान काळोखाची एक फट मिळते. ती केवढी, हे पाहायला मोठी पुस्तके नकोत. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलीच असते! २० ऑक्टोबर २०२४ ला संकष्टी होती. चंद्र उगवायला साडेआठ झाले. त्या दिवशी सव्वासात ते साडेआठ असा चोख काळोख मिळाला, आणि धूमकेतूही तोवर सुमारे तीन मुठी वर चढला होता. आदल्या आठवड्यापेक्षा तो मंद झाला होता खरा, पण काळोखाने ती उणीव भरून काढली. घरातल्या बायकांना जी वेळ उपासासाठी पाठ असते, तीच वेळ आकाशवेधाला उपयोगी पडते, बरं का!

तिसरी गोष्ट म्हणजे डोळे. उजेडातून बाहेर आल्यावर डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. एकदा कुणी बॅटरी डोळ्यांवर मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल कागद बांधावा. मोबाइलच्या पडद्याचा उजेड अगदी कमी करावा. आणि मंद वस्तू पाहताना तिच्याकडे रोखून न पाहता किंचित बाजूला नजर ठेवावी. ती अधिक स्पष्ट दिसते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधार. शटर काही सेकंद उघडे राहणार, तेवढ्यात कॅमेरा रेसभरही हलता कामा नये. हातात धरून हे काम होत नाही. तिपाई असली तर उत्तमच. नसली तर बैलगाडीवर किंवा बांधावरच्या दगडावर वाळूने अर्धी भरलेली पिशवी ठेवा आणि तिच्यात मोबाइल रुतवून बसवा. बोटाचा धक्काही लागू नये म्हणून टायमर लावा, म्हणजे बोट काढल्यावर काही सेकंदांनी चित्र निघेल. फ्लॅश बंद. माझे आठ-नऊ फोटो आठवा!

आता आकडे. मोबाइलमध्ये बहुधा 'नाइट' किंवा 'प्रो' असा भाग असतो. 'प्रो' मध्ये आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची तीव्रता, ८०० ते १६०० ठेवा. फोकस अनंतावर ठेवा; तिथे बहुधा डोंगराचे चिन्ह असते. ते न जमल्यास एखादा ठळक तारा किंवा शुक्र पडद्यावर लहानात लहान ठिपका दिसेपर्यंत फोकस फिरवा. शटर संधिप्रकाशात एक-दोन सेकंद, पुऱ्या काळोखात आठ-दहा सेकंद. एकाच आकड्यावर भरवसा टाकू नका. दोन, चार, आठ अशी चढती चित्रे घ्या. त्यांतले एखादे साधतेच.

मग कुणी विचारील, प्रकाश साठत जातो तर शटर दहा मिनिटे उघडे का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते आहे. आकाश तासाला पंधरा अंश सरकते. दहा सेकंदांत तारे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या बाराव्या हिश्शाइतके सरकतात, ते चित्रात खपून जाते. दहा मिनिटांत ते चंद्राच्या रुंदीच्या पाचपट सरकतात, आणि ताऱ्यांच्या रेघा होऊन धूमकेतू फराटला जातो. वेधशाळेत यासाठी पृथ्वीच्या उलट गतीने फिरणारे यंत्र असते. आपल्यापाशी ते नाही. त्यावर उपाय असा की, दहा-दहा सेकंदांची बारा चित्रे घ्यावीत आणि संगणकावर एकावर एक नीट जुळवावीत. दोन मिनिटांचा प्रकाश पदरात पडतो.

झूम करण्याचा मोह टाळावा. धूमकेतू लहान असतो असे वाटते, पण या धूमकेतूची शेपटी काळोख्या जागेवरून घेतलेल्या चित्रांत दहा अंशांहून लांब, म्हणजे मुठीपेक्षा मोठी होती. पूर्ण चंद्राची रुंदी तर अर्धाच अंश असते. तेव्हा चित्र ऐसपैस असू द्या. खाली एखादे बाभळीचे झाड, देवळाचा कळस, शाळेचे छप्पर येऊ द्या. त्यामुळे पाहणाऱ्याला दिशा कळते, उंची कळते आणि चित्र कुठले आहे हेही कळते.

गुरुजींना एक-दोन सूचना. मुलांना नेण्याआधी जागा दिवसा पाहून ठेवा. बिनकठड्याची विहीर जवळ नको. गवतातून रात्री जायचे तर पायांत बूट, हातात काठी आणि बरोबर मोठे माणूस हवे. ऑक्टोबरात दव पडते, तेव्हा लेन्स मऊ फडक्याने पुसत राहावी.

आणि सर्वांत शेवटी, पण न विसरता, एक वही. चित्राबरोबर तारीख, वेळ, गाव, दिशा, किती सेकंद, आकाश कसे होते, बरोबर कोण होते, हे तिथल्या तिथे लिहा. वेळ घड्याळाकडे पाहून मिनिटापर्यंत लिहा. नोंद असलेले चित्र म्हणजे पुरावा. नोंद नसलेले चित्र म्हणजे नुसती शोभा. अशरवुडचे ते पहिले चित्र आज उपलब्ध नाही. पण किती सेकंदांचे, कधीचे आणि कुणी काढलेले, हे लिहिलेले राहिले म्हणून आपण अजून त्याची गोष्ट सांगतो. माझ्या आबांच्या वडिलांनी कोणते शेंडेनक्षत्र पाहिले, हे मला आज कळायला मार्ग नाही. १९१० साली जानेवारीत एक मोठा धूमकेतू दिसला होता आणि मे महिन्यात हॅलेचा आला होता. त्यांतला कोणता? एक ओळ कुणी लिहून ठेवली असती तर!

१९१० वरून आठवले. त्या वर्षी मे महिन्यात पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार म्हणून जगभर घबराट झाली होती. काहीही झाले नाही. तरी धूमकेतू म्हणजे अनिष्ट, ही भीती पुरती गेलेली नाही. ती नुसत्या व्याख्यानाने जातही नाही.

त्या संकष्टीला आम्ही कॉलेजची मुले घेऊन माळावर गेलो होतो. एका मुलीची आजी तिला सोडायला तयार नव्हती. "शेंडेनक्षत्र बघू नये, घरावर येतं," असे तिचे म्हणणे. शेवटी नातीवर लक्ष ठेवायला ती स्वतःच आली आणि आकाशाकडे पाठ करून बसली. आठ सेकंदांचे चित्र निघाले, तसे मुलीने ते आजीपुढे धरले. आजीने डोळे बारीक करून पाहिले.

"एवढंच होय? हे तर विझत्या वातीच्या धुरासारखं दिसतंय."

"तसंच आहे, आजी," मी म्हटले. "बर्फाची वाफ आणि धूळ."

"मग मास्तर, परत कधी यायचं हे?"

"आपल्या कुणाच्या हयातीत नाही."

म्हातारी क्षणभर गप्प राहिली. मग पदर सावरून उठली आणि म्हणाली, "सरा बाजूला. मला नीट बघू दे."

वहीत आम्ही लिहिले: २० ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटे, पश्चिम दिशा, आठ सेकंद, आकाश स्वच्छ. बरोबर असलेल्यांच्या यादीत आजीचेही नाव घातले.

श्रोतेहो, हॅलेचा धूमकेतू २०६१ साली पुन्हा येईल. आज पाचवीत असलेले मूल तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात असेल. पण सगळेच पाहुणे असे वेळ कळवून येत नाहीत. कित्येक वर्ष-दीड वर्षाच्या सूचनेवर येतात, काही त्याहूनही अचानक. तेव्हा येत्या अमावास्येलाच बाहेर पडा. वाळूची पिशवी, लाल कागदाची बॅटरी आणि वही घ्या. धूमकेतू नसला तर नसो, मृगाचे किंवा कृत्तिकांचे चित्र घेऊन हात बसवा. आणि ग्रामपंचायतीत नव्या दिव्यांचा विषय निघाला, तर दिव्याचे तोंड खाली, रस्त्याकडे ठेवायला सांगा. रस्ता उजळेल आणि आभाळ काळे राहील. पाहुणा आला की त्याला उतरायला तेवढीच जागा लागते.